पाच घ्या आणि पुढे चला

पत्र: ‘आम्ही दोघं मावसभाऊ, शिरोली एमआयडीसीत कामाला. एक सीएनसीवर, एक फौंड्रीत. बरीच वर्षं डर्ट ट्रॅक आणि एंड्युरो (कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकल शर्यती) करतोय, जिल्ह्यात थोडंफार नाव आहे. एका मित्राची जुनी ट्रायल गाडी अधूनमधून चालवायला मिळते, एरवी आपल्या एक्सपल्स मोटरसायकलवर सराव. स्कॉटलंडच्या सिक्स डेज ट्रायलसाठी अर्ज टाकला होता आणि चिठ्ठीत दोघांचीही नावं निघाली. आजवर देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आपली गाडी घेऊन जावी का? सहा दिवसांत किती सेक्शन क्लीन गेले म्हणजे कोल्हापूरची इज्जत राहील? तिथले लोक हसतील का? वडील म्हणतात, सोसायटीचं कर्ज काढतो. आई म्हणते, पडायला एवढ्या लांब कशाला जायचं. खाशाबा जाधवांसाठी प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं, मग आमच्यासाठी कर्ज काढलं तर काय चुकलं? स्पष्ट सांगा.’

भावांनो, स्पष्टच सांगतो. जा. नक्की जा. पण जे मनात धरून निघाला आहात ते बदलून जा. तुमच्या पत्रात क्लीनची चिंता आहे, इज्जतीची चिंता आहे. थंडीबद्दल, अंतराबद्दल, सहाव्या दिवशी हाताचं काय झालेलं असेल याबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्या वाचकांसाठी थोडक्यात. ट्रायल हा मोटरसायकलवरचा खेळ, पण वेगाचा नव्हे, तोलाचा. ओढ्यातले धोंडे, ओले चढ, झाडांच्या मुळ्या यांतून निशाणं लावून एक छोटा तुकडा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. पाय न टेकवता तो पार केला तर शून्य, म्हणजे क्लीन. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात, निशाणाबाहेर गेलात, पार झालाच नाही, तर पाच. ज्याचे गुण कमी तो वर. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम या गावी मेच्या सुरुवातीला, सोमवार ते शनिवार, ही सिक्स डेज ट्रायल भरते. ती 1909 पासून चालत आली आहे. दिवसाला साधारण 30 सेक्शन, आणि त्यांच्यामधलं अंतर डांबरी रस्ता, दगडी वाटा आणि दलदलीचं माळरान यांतून कापायचं. काही दिवशी हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. गाडीला बसायला सीट नाही, त्यामुळे हे सगळं जवळजवळ उभ्यानेच.

आता हिशोब करा. सहा दिवसांचे मिळून 180 च्या आसपास सेक्शन होतात. त्यातल्या निम्म्यांत तुम्हाला पाच मिळाले तरी शनिवारी संध्याकाळी तुमचं नाव यादीत असतं. मंगळवारी दुपारी मनगट मुरगळलं तर नसतं. म्हणून पहिल्या वर्षी मोजायची गोष्ट एकच, गाडीसकट शनिवारी परत येणं. एंड्युरोतून आलेल्या गड्याला हे पटायला जड जातं. मी अशी पोरं पाहतो. पुढचं चाक ओल्या धोंड्यावर चढतं, गाडी थबकते, तोल उताराकडे जायला लागतो. इथे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. ट्रायलमध्ये मुरलेला माणूस क्लच दाबतो, वरच्या बाजूला पाय टाकतो, गाडी धरतो, पाच घेतो आणि खाली ढकलत आणतो. शर्यतीतून आलेला तिथेच थ्रॉटल पिळतो. चाक फिरतं, गाडी मागे उलटते, क्लचचं लिव्हर वाकतं, अंगठा हँडल आणि दगडाच्या मध्ये सापडतो. गुण दोघांनाही पाचच. एक जण मात्र पुढचे चार दिवस सुजलेल्या अंगठ्याने गाडी चालवणार असतो. पाच शांतपणे घ्यायला शिकणं हा तुमच्या तयारीतला सगळ्यात मोठा धडा आहे आणि तो इथे, कोल्हापुरातच शिकून जायचा आहे.

खाशाबांचा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगतो, तो अर्धाच दिलात. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते 1952 च्या हेलसिंकीसाठी. त्याआधी 1948 मध्ये खाशाबा लंडनला गेले होते, आणि त्या फेरीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. तांबड्या मातीतला मल्ल तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरला, नियमही नवे, आणि सहावा आला. मॅट म्हणजे काय हे कळलेला माणूस चार वर्षांनी परत गेला आणि ब्राँझ घेऊन आला. तुमचं हे 1948 आहे. मॅट कसा लागतो ते पायाला कळायचं वर्ष. यासाठी वडिलांच्या नावावर कर्ज नको. विकास सोसायटीचं कर्ज पिकासाठी असतं, ते ऊस गेल्यावर फिटतं. स्कॉटलंडहून कुठलाही ऊस कारखान्याला जाणार नाही. बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून इथे कोणी येत नाही.

पैसे उभे करायचेच तर आपल्या गावात रस्ते आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखानदारांना यंत्राची नजर आहे. दोन पोरं सहा दिवस प्रत्येकी एकच गाडी कशी जिवंत ठेवणार हे त्यांना समजावून सांगा, नुसतं ‘प्रायोजक व्हा’ म्हणून हात पसरू नका. तालमीकडे, मंडळाकडे जा. खर्चाची रक्कम लिहून काढा: विमान, गाडीचं भाडं, प्रवेश फी, विमा, राहणं, कपडे. एवढं करूनही ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे जमले नाहीत तर वेळेत कळवून जागा सोडा. रांगेत थांबलेल्या दुसऱ्या कुणाला ती मिळेल आणि तुम्ही पुन्हा अर्ज टाकाल. त्यात कमीपणा नाही.

गाडी इथून नेऊ नका. कस्टमचे कागद आणि परत आणण्याची जबाबदारी अंगावर घेण्याइतकी तुमची एक्सपल्स या कामाची नाही. ती दीडशे किलोच्या वर भरते, ट्रायलची गाडी सत्तरच्या आसपास. तिथे स्पर्धेसाठी गाड्या भाड्याने मिळतात, काही ठिकाणी डिझेल व्हॅन आणि मदतनीसासकट. भाडं कबूल करण्याआधी विचारायच्या गोष्टी: गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर आहे का, नंबर आणि विमा आहे का, विम्यात तुमचं नाव आणि भारतीय लायसन्स चालतं का. कारण सेक्शनच्या मध्ये तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर असता, ट्रक-बस-पर्यटकांच्या गर्दीत. तुमच्या लायसन्सवर गिअरवाली मोटरसायकल नोंदलेली असेल तर ब्रिटनमध्ये पोचल्यापासून 12 महिन्यांपर्यंत ते चालतं. गाडी डावीकडूनच चालवायची आहे, तेवढी एक काळजी कमी.

हेल्मेट मात्र इथूनच नीट बघून घ्या. आपल्या हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का असतो, तिकडे ईसीई या युरोपीय मानकाचं चिन्ह बघतात. तपासणीच्या दिवशी हेल्मेट नाकारलं गेलं तर ऐनवेळी फोर्ट विल्यमसारख्या छोट्या गावात डोक्याच्या मापाचं शोधत फिरावं लागेल.

सराव. इथे मला सविस्तर बोलायचं आहे.

गणपतीत मंडळं स्लो सायकलच्या स्पर्धा घेतात, शेवटी पोचणारा जिंकतो, पाय टेकला की बाद. ट्रायलचा पाया तोच आहे. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्धा तास सायकल घ्या, जागच्या जागी उभं राहायला शिका, पुढचं चाक वळवून, पेडलवर, ब्रेक धरून. जमलं की उतारावर. एक्सपल्सवर पहिला गिअर, क्लचवर एकच बोट, दुसरं बोट ब्रेकवर, आणि चालत्या माणसापेक्षा हळू. वेग हा तुमचा जुना मित्र आहे, तो प्रत्येक अडचणीत मदतीला येऊ पाहील. त्याला चार महिने घरी बसवा. मित्राची ट्रायल गाडी जितके दिवस मिळेल तितके दिवस मागून घ्या, त्याला टायर-प्लग-तेलाचा खर्च द्या. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय एवढीच ठेवायची असते, हे आकडे आपल्याकडच्या पंक्चरवाल्याला सांगितले तर तो तुमच्याकडे बघत राहील. पण त्या मऊ टायरचा धोंड्यावर बसणारा पंजा एकदा अनुभवला की ओल्या दगडाची भीती निम्मी होते.

जागा निवडताना जपा. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात, मसाई पठारावर, पन्हाळ्याच्या तटबंदीपाशी गाडी घालू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय अशा एका व्हिडिओमुळे जिल्ह्यातल्या सगळ्या रायडर्सची वाट बंद होते. कुणाच्या तरी मालकीचा ओढा, बंद पडलेली दगडखाण, मामाच्या शेताचा बांध, विचारून आणि पीक नसताना. तिकडेही हीच रीत आहे. ती स्पर्धा खासगी जमिनींवरून, मेंढ्या आणि हरणं चरतात त्या डोंगरांवरून जाते आणि मालकांच्या परवानगीवर उभी आहे. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत पसरला तेव्हा स्पर्धा रद्द करावी लागली होती. ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याला त्या वर्षीच्या निर्णयाचं कारण समजावून सांगायला नको. आखलेली वाट सोडून बाजूने गाडी घालायचा मोह झाला तर हे आठवा.

सराव सलग करा. रविवारी चार तास धो-धो चालवून सहा दिवस विश्रांती, याने काही होणार नाही. महिन्यातून एकदा तरी तीन दिवस ओळीने, रोज सहा-सात तास उभ्याने चालवा. पहिल्या दिवशी मजा येते. दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा भरून येतो, तळव्याला फोड येतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मूठ उघडत नाही. ती मूठ कशी उघडायची, फोडावर पट्टी कुठे लावायची, हँडल किती सैल धरलं तरी चालतं, हे त्या तिसऱ्या सकाळी शिकता येतं आणि इतर कुठल्याही दिवशी शिकता येत नाही.

आणि गाडी बुडवण्याची तालीम करा. खरंच करा. मित्राच्या गाडीवर नको, एखाद्या भंगारातल्या टू-स्ट्रोकवर. ओढा ओलांडताना गाडी आडवी झाली आणि इंजिनात पाणी गेलं तर पहिली चूक म्हणजे घाबरून किक मारत सुटणं. किक मारायची नाही. गाडी बाहेर काढा, प्लग काढा, एअर फिल्टर काढून पिळा, गाडी मागच्या चाकावर उभी करा म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी निघेल, मग उलटी करून प्लगच्या भोकातून पाणी गळू द्या, मग हळूहळू किक. सत्तर किलोची गाडी एकटा माणूस उलटी करू शकतो. थंड हाताने, हातमोजे काढून, पावसात प्लगचा पाना धरायचा सराव हवा, कारण तिथे घड्याळ चालू असतं आणि उशीर झाला तर त्याचेही गुण चढतात. रात्री गाडी आयोजकांच्या बंदिस्त तळावर असते, तिथे हात लावता येत नाही. चेन, ब्रेक पॅड, स्पोक, जे काही करायचं ते तुमच्याच वेळात. सीएनसीवाल्या भावा, इथे तुझा हात कामी येईल. धावत्या यंत्राचा आवाज बदलला की तुला आधी कळतं.

पावसाबद्दल. गगनबावड्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पाऊस शिकवायला नको. फोर्ट विल्यम ब्रिटनमधल्या सगळ्यात ओल्या भागांपैकी एक आहे, तरी गगनबावड्यापुढे ते काहीच नाही. पण आपला पाऊस उबदार असतो. भिजलो तरी वाऱ्यात शर्ट वाळतो. तिकडे मेमध्ये सकाळी ऊन, दुपारी गारा, वरच्या माळावर बर्फ, असं एकाच दिवसात होऊ शकतं. बेन नेव्हिस 1345 मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बुटका, पण त्याच्या उंचीवरून तिथल्या थंडीचा अंदाज बांधू नका. आतून लोकरीचं, वर पाणी न शिरणारं, हातमोज्यांचे तीन-चार जोड प्लास्टिकच्या पिशवीत. ओला मोजा दिवसभर पायात ठेवला तर दुसऱ्या दिवशी टाचेची साल निघते. आणि दलदल. ती आपल्या भाताच्या चिखलासारखी दिसते, पण तिला तळ लागेलच असं नाही. आधीच्या गाड्यांनी कापलेल्या चरातून जाऊ नका, शेजारच्या गवताच्या गड्ड्यांवरून, थांबल्याशिवाय.

लोक हसतील का? नाही. तिथे दर वर्षी पावणेतीनशेच्या आसपास रायडर असतात. त्यात जगज्जेते असतात. डगी लॅम्पकिन यांनी ही स्पर्धा 12 वेळा जिंकली आहे. पण बहुसंख्य तुमच्यासारखे नोकरी-धंदा करणारे, वर्षाची सुट्टी साठवून आलेले. तुम्ही लॅम्पकिनची लाइन, म्हणजे ते सेक्शनमध्ये चाक कुठून नेतात ते, बघू नका, ती तुमच्या कामाची नाही. पन्नाशीचा, थोडं पोट सुटलेला, चिखलाने माखलेला गडी हुडका, जो घाई न करता सेक्शन एकदा चालून बघतो, एका ठिकाणी मुद्दाम पाय टेकतो आणि एक गुण घेऊन निघून जातो. त्याच्या मागे राहा. सेक्शन पाच-पाच वेळा चालून बघू नका, पायातली ताकद तिथेच संपते. जिथे चाक पडणार तेवढे दोन दगड लक्षात ठेवा. दोघा भावांची सुटण्याची वेळ वेगवेगळी असेल तर एकमेकांसाठी थांबत बसू नका. संध्याकाळी भेटा, आधी जेवा, मग बोला.

प्रत्येक सेक्शनवर गुण लिहिणारे निरीक्षक स्वयंसेवक असतात. सकाळपासून पावसात, वाऱ्यात उभे. निर्णयावर हुज्जत घालू नका आणि निघताना धन्यवाद म्हणा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून गप्प राहू नका, एवढं पुरे आहे.

कागदपत्रांचा क्रम चुकवू नका. पासपोर्ट नसेल तर उद्याच अर्ज. कोल्हापुरातल्याच पासपोर्ट केंद्रात काम होतं. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स आणि परदेशात भाग घेण्यासाठी त्यांची परवानगी, हे दोन्ही आयोजक मागतील. मग व्हिसा. साधा व्हिजिटर व्हिसा खेळाडूला स्पर्धेसाठी चालतो, प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई. प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजेचं पत्र जोडा. परत यायला तुमच्यामागे नोकरी आणि घर आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. प्रवास विम्याची पॉलिसी घेताना बारीक अक्षरं वाचा; साध्या पॉलिसीत मोटरस्पोर्ट स्पर्धा बहुधा वगळलेली असते. इथे पैसे वाचवू नका. खोली मात्र दोघांत एक करा आणि लवकर करा, त्या आठवड्यात फोर्ट विल्यममध्ये जागा मिळत नाही.

आईला काय सांगायचं? हे सांगा की या खेळात पडणं चालीच्या वेगाने होतं, महामार्गावर तुम्ही रोज कामाला जाता त्याहून कितीतरी हळू. पण पूर्ण खरं सांगा. घोटा, गुडघा, मनगट दुखावतं, आणि माळरानावर थंडीने माणूस गळाठू शकतो. कधी थांबणार हे तिला आधी सांगून ठेवा: दात वाजायचे थांबेनात आणि डोकं जड झालं, किंवा बोटांना लिव्हर कळेनासं झालं, की गाडी बाजूला लावून निरीक्षकाला सांगायचं. तिला हे ऐकल्यावर झोप लागेल. बांधून देईल ते घ्या, फक्त पेढे, तूप, मटणाचं काही नको. दूध-मांसाचे पदार्थ तिथे आणू देत नाहीत. गूळ आणि शेंगदाण्याची चिक्की न्या. दुपारी खिशातून काढून हातमोजा न काढता खाता येते.

शक्य असेल तर दहा-बारा दिवस आधी पोचा. ग्लासगोहून फोर्ट विल्यमला रेल्वे जाते, चार तासांच्या आत. आधीचे काही दिवस भाड्याची गाडी आणि शिकवणारा माणूस घेऊन उत्तर इंग्लंडात किंवा स्कॉटलंडमध्येच सराव करा. परवानगीशिवाय डोंगरावर गाडी घालणं तिथे गुन्हा आहे. स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी शेजारच्या किनलॉकलेव्हनला जुन्या गाड्यांची दोन दिवसांची ट्रायल असते. ती पायी फिरून बघा. 1965 च्या आधीच्या घडणीच्या जड गाड्या घेऊन म्हातारे लोक ओल्या दगडांवरून कसे अलगद जातात ते बघितलंत तर मी वर थ्रॉटलबद्दल जे लिहिलं ते पटेल.

या आठवड्यात गाडी भाड्याने देणाऱ्या दोन-तीन जणांना पत्रं टाका. दोघांची उंची आणि वजन कळवा, म्हणजे हँडल आणि सस्पेन्शन त्याप्रमाणे लावतील. भाड्यात क्लच-ब्रेकची जादा लिव्हर, प्लग आणि मागचा नवा टायर धरला आहे का विचारा, आणि गाडी मोडली तर किती भरावं लागेल ते लेखी मागा. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरचीच असते, त्यामुळे जादा बाटली कशी बांधायची हेही विचारून घ्या. उत्तरं आली की इकडे पाठवा, आपण मिळून वाचू.